एमएसआयची जुनी फंक्शने काढताना: पीसीआय ड्रायव्हरसाठी तयारीची यादी

लिनक्सच्या पीसीआय ड्रायव्हरमधून (पीसीआय बसवरचे कार्ड चालवणाऱ्या कोडमधून) पीसीआय_एनेबल_एमएसआय आणि पीसीआय_एनेबल_एमएसआयएक्स_रेंज काढून तिथे पीसीआय_अलॉक_आयआरक्यू_व्हेक्टर्स बसवणे हे काम दिसायला अगदी छोटे आहे. (इंटरप्ट म्हणजे डिव्हाइसने प्रोसेसरचे लक्ष वेधणारी सूचना. एमएसआय आणि एमएसआय-एक्समध्ये ती तारेऐवजी मेमरीत लिहून दिली जाते; अशा प्रत्येक वेगळ्या सूचनेला व्हेक्टर म्हणतात.) वेळ खातो तो जुन्या फंक्शनांच्या भरवशावर आजूबाजूला लिहिलेला कोड. तो आधी सगळा शोधून काढा, मगच एडिटर उघडा.

कर्नल कोणता ते पहिल्यांदा नक्की करा. नवे फंक्शन ४.८ मध्ये, म्हणजे २०१६ साली आले. त्याहून जुना कर्नल सांभाळायचा असेल तर त्याची वेगळी ब्रांच ठेवा. एकाच फाइलमध्ये आवृत्तीनुसार दोन्ही वाटा ठेवल्या, की इंटरप्ट सोडतानाचा क्रम हमखास कुठेतरी चुकतो. जोडतारेच्या, म्हणजे खऱ्या तारेवरून येणाऱ्या जुन्या प्रकारच्या, इंटरप्टसाठीच्या फ्लॅगचे नावही तपासा. आधी ते पीसीआय_आयआरक्यू_लेगसी होते, अलीकडच्या कर्नलमध्ये पीसीआय_आयआरक्यू_आयएनटीएक्स झाले आहे.

मग गिट ग्रेप (कोडमध्ये शब्द शोधणारी आज्ञा) चालवा. एनेबल आणि डिसेबल फंक्शनांबरोबर एमएसआयएक्स_एंट्रीचे अ‍ॅरे आणि पीडेव्ह->आयआरक्यू जिथे जिथे वाचले आहे ती प्रत्येक ओळ टिपून ठेवा. शेवटचे, म्हणजे डिव्हाइसचा इंटरप्ट नंबर ठेवणारे फील्ड, सर्वांत महत्त्वाचे. एमएसआय चालू झाल्यावर कर्नल पीडेव्ह->आयआरक्यूमध्ये नवा नंबर भरतो, एमएसआय-एक्समध्ये मात्र भरत नाही. ती ओळ तशीच राहिली तर हँडलर (इंटरप्ट आल्यावर चालणारे फंक्शन) नोंदवणारी रिक्वेस्ट_आयआरक्यू बिनतक्रार यशस्वी होऊ शकते, पण हँडलर जुन्या लाइनवर बसतो आणि डिव्हाइसचा एकही इंटरप्ट त्याच्यापर्यंत येत नाही. म्हणून प्रत्येक ठिकाणी पीसीआय_आयआरक्यू_व्हेक्टर वापरा. क्रमांक चुकीचा असेल तर ते ऋण आकडा परत देते. तो अनसाइन्ड व्हेरिएबलमध्ये घेऊ नका, नाहीतर एरर तिथेच गिळली जाते.

परत येणाऱ्या आकड्याचा अर्थ बदलतो, इथे सर्वांत जास्त थांबा. पीसीआय_एनेबल_एमएसआय यश आले की शून्य देत असे, नवे फंक्शन मिळालेल्या व्हेक्टरांची संख्या देते. जुनी ‘इफ (रेट)’ अट, म्हणजे ‘परत आलेला आकडा शून्य नसेल तर’, राहिली तर यशालाच अपयश समजून प्रोब (डिव्हाइस सापडल्यावर चालणारे ड्रायव्हरचे फंक्शन) एरर-पाथवर जातो, सगळे आवरतो आणि १ परत देतो. पीसीआय कोअर शून्यापेक्षा मोठ्या आकड्यावर फक्त इशारा छापतो आणि प्रोब यशस्वी धरतो. म्हणजे मेमरी सोडलेली, पण ड्रायव्हर डिव्हाइसला चिकटलेलाच. मग मॉड्यूल काढताना तीच मेमरी दुसऱ्यांदा सोडली जाते आणि मशीन कोसळते. अट ‘शून्यापेक्षा कमी’ अशीच लिहा.

किमान आणि कमाल व्हेक्टर किती मागायचे ते डेटाशीटवरून ठरवा. एमएसआयला एका डिव्हाइसमागे कमाल ३२, एमएसआय-एक्सला २०४८. किमान आकडा प्रामाणिक द्या: एका व्हेक्टरवर काम भागत असेल तर किमान १. उगाच ८ लिहिले आणि तेवढे मिळाले नाहीत, तर ईएनओएसपीसी (पुरेशी जागा नाही) एरर येऊन धड चालणारे कार्ड बंद राहील. पीसीआय_सेट_मास्टरची हाक आहे ना, तेही बघा. एमएसआय म्हणजे डिव्हाइसने मेमरीत केलेले लेखन, त्यामुळे बस मास्टरिंग (डिव्हाइसला स्वतः मेमरीत लिहिण्याची मुभा) बंद असेल तर ते पोचतच नाही.

पीसीआय_आयआरक्यू_ऑल_टाइप्स (कोणत्याही प्रकारचा इंटरप्ट चालेल असा फ्लॅग) मागत असाल तर कधीतरी जोडतारेचा इंटरप्टच पदरी पडणार. त्या वेळी आयआरक्यूएफ_शेअर्ड (लाइन वाटून घेण्याचा फ्लॅग) हवे, डेव्ह_आयडी (हँडलरची ओळख) रिकामा चालत नाही, आणि हँडलरने स्टेटस रजिस्टर वाचून इंटरप्ट आपला नसेल तर आयआरक्यू_नन परत द्यायला हवे. फक्त एमएसआयवर वाढलेल्या हँडलरमध्ये ही तपासणी बहुधा नसते. तो आपला नसलेलाही इंटरप्ट ‘हाताळला’ म्हणून सांगतो आणि त्याच लाइनवरच्या दुसऱ्या डिव्हाइसचा बिघाड झाकतो. उलट आपलाच इंटरप्ट नाकारला, तर शेवटच्या १,००,००० पैकी ९९,९०० बेवारस ठरल्यावर कर्नल ती लाइनच बंद करतो.

सोडतानाचा क्रम कागदावर लिहून घ्या: आधी डिव्हाइसच्या रजिस्टरमधून इंटरप्ट बंद, मग प्रत्येक व्हेक्टरसाठी फ्री_आयआरक्यू, मग पीसीआय_फ्री_आयआरक्यू_व्हेक्टर्स, शेवटी डिव्हाइस डिसेबल. डेव्हएम_रिक्वेस्ट_आयआरक्यू (हँडलर आपोआप सोडणारे रूप) वापरले असेल तर इथे खास सावध राहा. ते हँडलर रिमूव्ह फंक्शन (ड्रायव्हर डिव्हाइसपासून सुटताना चालणारे) संपल्यानंतर सुटतात. रिमूव्हमध्येच व्हेक्टर सोडले तर हँडलर अजून लटकलेला असतो, आणि जुन्या कर्नलमध्ये त्यावर थेट बग_ऑन (कर्नल थांबवणारी एरर) येतो. दोन्ही सोडणे हाताने करा, नाहीतर दोन्ही डेव्हएमवर सोपवा. अर्धे-अर्धे नको.

हार्डवेअर हाताशी नसेल तर क्यूईएमयूचे (आभासी मशीन चालवणाऱ्या प्रोग्रामचे) ‘एज्यू’ डिव्हाइस घ्या. त्यात एमएसआय आणि जोडतारेचा इंटरप्ट दोन्ही आहेत. हेक्स ६० या ऑफसेटवर आकडा लिहिला की इंटरप्ट उठतो, हेक्स २४ वर स्टेटस वाचता येते आणि हेक्स ६४ वर तोच आकडा लिहून पोच द्यायची. पोच द्यायला हँडलर विसरला, तर जोडतारेच्या मोडमध्ये इंटरप्टचा पूर लगेच दिसतो.

तपासणीचा कर्नल कॉन्फिग_डीबग_एसएचआयआरक्यू चालू करून बांधा. शेअर्ड हँडलर सुटण्याच्या ऐन आधी तो मुद्दाम एक खोटा इंटरप्ट पाठवतो, त्यामुळे हँडलर आधीच सोडलेल्या मेमरीला हात लावत असेल तर तिथेच सापडतो. एकदा साधे बूट करा, एकदा ‘पीसीआय=नोएमएसआय’ देऊन. दोन्ही वेळा प्रॉक/इंटरप्ट्समधला आकडा वाढतो का ते बघा. एलएसपीसीआय -व्हीव्हीमध्ये (पीसीआय डिव्हाइसांची माहिती दाखवणाऱ्या आज्ञेत) एमएसआयच्या ओळीवर पहिल्या वेळी ‘एनेबल+’ आणि दुसऱ्या वेळी ‘एनेबल-’ दिसायला हवे. मग डिव्हाइसवर काम चालू असतानाच मॉड्यूल सलग काढा-घाला आणि डीमेसग (कर्नलचे संदेश) उघडा ठेवा. सोडण्याच्या क्रमातल्या चुका बहुतेक इथेच वर येतात.