पिसदुऱ्याच्या शिवारात जीवाश्म कसे बघायचे

डायनासोर म्हटलं की लोकांना हाड हवं असतं, तेही मांडीचं, माणसाच्या उंचीचं. चंद्रपूर जिल्ह्यातल्या वरोरा तालुक्यात पिसदुऱ्याला मुलांना घेऊन गेलो की पहिला प्रश्न ठरलेला : "सर, सांगाडा कुठाय?" सांगाडा नाही. मी त्यांना शेण बघायला लावतो. दगड झालेलं शेण. हाडावरून प्राणी केवढा होता ते कळतं, शेणावरून तो कुठल्या रानात चरत होता ते कळतं. मला दुसरी गोष्ट जास्त मोलाची वाटते.

निघण्याआधी घरी एक काम करा. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण विभागाच्या 'भूकोश' संकेतस्थळावर नकाशे आहेत, त्यात या भागातला 'लमेटा' थर शोधा, इथले जीवाश्म त्यातलेच. जबलपूरजवळच्या नर्मदेच्या लमेटा घाटावरून हे नाव आलं. वय साधारण 6.6 ते 7 कोटी वर्षं. त्याच्यावर दख्खनचा काळा बेसॉल्ट, म्हणजे नंतर आलेला लाव्हा. खाली लमेटा, वर लाव्हा, एवढा क्रम डोक्यात पक्का बसवा. हे न करता जे येतात ते दिसेल तो गोटा उचलून "सर, अंडं!" म्हणतात.

वेळ निवडायची ती पीक निघाल्यानंतरची. जमीन शेतकऱ्याची आहे, तेव्हा आधी धुऱ्यावर उभं राहून विचारायचं, "दादा, जरा वावरात फिरू का?" बहुतेक जण हो म्हणतात, आणि नांगराला काय काय लागलं तेही सांगतात. ते ऐकून घ्या, फार उपयोगी असतं. सकाळी लवकर किंवा चारनंतर जा. ऊन तिरपं असलं की लहान तुकड्यांचीही सावली पडते. डोक्यावर ऊन असताना सगळी माती एकसारखी दिसते.

सोबत दहापट मोठं दाखवणारं भिंग, वही, पट्टी, फोन, पाणी. हातोडी आणू नका. मी विद्यार्थ्यांच्या पिशव्या तपासतो.

आता बघायचं कसं. तांबड्या चिकणमातीच्या पट्ट्यावर वाकून, हळू चाला. काळ्या मातीतले चुनखडीचे गोटे सगळ्यात जास्त फसवतात. त्यांना ठराविक आकार नसतो. शेणाच्या दगडाला बहुधा असतो : लांबट, एका टोकाला निमुळता, कधी चपटा, पृष्ठभागावर सुरकुत्या. भूवैज्ञानिक चार्ल्स मॅटली यांनी 1939 मध्ये इथल्या या दगडांची आकारानुसार गटवारी केली. हाड भिंगाखाली लगेच ओळखू येतं, बाहेर घट्ट कवच आणि आत बारीक जाळी. जुने लोक तुकडा जिभेला लावून बघतात, हाड चिकटतं. पण कोरडी चिकणमातीही चिकटते, म्हणून त्यावर निकाल देऊ नका. (शेणाच्या बाबतीत हा प्रयोग कुणी करत नाही, का ते सांगायला नको.)

काही दिसलं की लगेच उचलू नका. शेजारी पट्टी ठेवून फोटो, मग लांबून जागेचा फोटो, फोनवरचे अक्षांश-रेखांश वहीत. आणि एक गोष्ट हमखास लिहा : तुकडा थरात रुतलेला होता की वर सुटा पडलेला. सुटा तुकडा पावसाने कुठूनही आणलेला असू शकतो. जागेची नोंद नसलेलं सुंदर हाड कपाटात शोभतं, अभ्यासाला फारसं कामी येत नाही.

घरी आल्यावर खरी मजा, नोंदींवरून त्या काळच्या रानाचं चित्र उभं करायची. वहीच्या पानावर चार रकाने आखा : पाणी, काठ, झाडोरा, खाणारे. चकचकीत चौकटीसारखे माशांचे खवले पाण्यात. फायसा नावाच्या गोगलगायींचे शंख काठावर. कासवाच्या पाठीचे तुकडे दोन्हीकडे. 'मॅडत्सोइया पिसदुरेन्सिस' हा सापसुद्धा इथलाच, 2011 मध्ये नाव मिळालेला.

झाडोऱ्याच्या रकान्यासाठी शेण लागतं. वनस्पती मातीतून सिलिका घेतात आणि तिचे सूक्ष्म कण पेशींत साठवतात. ज्वारीचा पाला हाताला कापतो तो याच सिलिकेमुळे. पान कुजतं, पचतं, पण कण टिकतात. जीवाश्मशास्त्रज्ञ वंदना प्रसाद, अशोक साहनी आणि सहकाऱ्यांनी पिसदुऱ्याच्या शेणातून ते वेगळे काढले. 2005 मध्ये निष्कर्ष छापून आला : सूचिपर्णी, ताडवर्गीय आणि इतर झाडांबरोबर किमान पाच प्रकारची गवतं. तोपर्यंत डायनासोरांनी गवत पाहिलंच नसावं असं बहुतेकांना वाटत होतं. 2011 मध्ये त्यातली काही भाताच्या कुळाची असल्याचं पुढे आलं. आमच्या जिल्ह्याच्या पूर्वेला धानपट्टा आहे, त्यामुळे हे वर्गात सांगितलं की शेवटचा बाकही जागा होतो. मात्र गवत हे त्यांचं मुख्य खाणं नव्हतं, शेणात इतर झाडांचाच भाग जास्त.

खाणाऱ्यांच्या रकान्यात लांब मानेचे टायटॅनोसॉर. जवळच्याच डोंगरगावला 1980च्या दशकात कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेने एक खणून काढला. त्याचं आजचं नाव आयसीसॉरस, संस्थेच्या आद्याक्षरांवरून. आकडेवारीच्या संस्थेचं नाव डायनासोरला, हे मला अजून गमतीचं वाटतं. मोठी शेणं या टायटॅनोसॉरांची मानतात, कारण हाडं त्यांचीच जास्त. हा अंदाज आहे, म्हणून वहीत प्रश्नचिन्ह घाला.

चित्र भरायच्या मोहात बाहेरचे पाहुणे आणू नका. राजासॉरस गुजरातचा. त्याच्यासारखा शिकारी इथेही असेल, पण तो पेन्सिलने काढा. मुंबईतल्या वरळीच्या टेकडीत दगड झालेले बेडूक सापडले, 1847 मध्ये ब्रिटिश शास्त्रज्ञ रिचर्ड ओवेन यांनी त्यांचं वर्णन केलं. ते लाव्ह्याच्या दोन थरांमधल्या गाळातले, डायनासोर संपल्यानंतरचे. पिसदुऱ्याच्या तळ्यात ते बसत नाहीत.

सिरोंचाजवळ वडधमला जाणार असाल तर वेगळी वही घ्या. तो काळ याहून कितीतरी जुना. तिथे दगड झालेली खोडं आहेत, आणि परिसर वनखात्याचा, तेव्हा एक खडाही खिशात नको.

थरात रुतलेलं मोठं हाड दिसलंच तर मातीने झाकून ठेवा, शेतकऱ्याला दाखवा आणि फोटो-अक्षांशांसह नागपूरच्या सेमिनरी हिल्सवरच्या भूवैज्ञानिक सर्वेक्षण कार्यालयाला कळवा. समाजमाध्यमांवर जागेचं नाव टाकू नका. आठवड्यात तिथे खड्डा असतो.