जेफरसनची कागदपत्रे वाचताना या चुका टाळा

अमेरिकेचा तिसरा राष्ट्राध्यक्ष थॉमस जेफरसन याचे हस्ताक्षर ओळखता आले की काम झाले, असे नवख्या अभ्यासकाला वाटते. तिथेच तो फसतो. कारण जेफरसनच्या एका पत्राच्या त्याच्याच हातच्या तीन प्रती असू शकतात: खर्डा, प्रत्यक्ष धाडलेले पत्र आणि दप्तरी ठेवलेली नक्कल. तिन्हींत मजकूर तंतोतंत सारखा असेलच असे नाही.

लायब्ररी ऑफ काँग्रेस या वॉशिंग्टनमधल्या ग्रंथालयातला संग्रह मुळात त्याचे स्वतःचे दप्तर आहे. त्यामुळे तिथे इतरांकडून त्याला आलेली पत्रे सहसा मूळ असतात आणि त्याने लिहिलेली पत्रे बहुतेक करून खर्डे किंवा नकला असतात. धाडलेले पत्र शोधायचे तर ज्याला ते गेले त्याच्या कागदांत शोधायचे. ओळखण्याच्या खुणा सोप्या आहेत. पोचलेल्या पत्रावर घड्या असतात, लाखेच्या मोहोरेचा डाग असतो, बाहेर पत्ता असतो आणि बऱ्याचदा पाठीवर पत्र घेणाऱ्याच्या अक्षरात पोच नोंदलेली असते. नकलेवर यातले काही नसते.

नकलांचेही दोन प्रकार आहेत. १७८५ पासून जेफरसन जेम्स वॉटच्या पद्धतीचे प्रेस वापरत होता. ओल्या, पातळ कागदावर ताजी शाई दाबून उमटवायची. अक्षर उलटे उमटते, म्हणून ते कागदाच्या दुसऱ्या बाजूने आरपार वाचायचे. अशी शाई फिकी पडते, पसरते. काही नकलांवर पुढे कुणीतरी दुसऱ्याच हाताने अक्षरे गिरवली आहेत, तेव्हा ठळक दिसणारा शब्द जास्त विश्वासाचा मानू नका. उलट, तो आधी तपासा. पत्रावर छाप घेतल्यानंतर केलेली दुरुस्ती नकलेत येत नाही, हेही ध्यानात असू द्या. १८०४ पासून तो दोन लेखण्या एकदम चालवणारे पॉलिग्राफ यंत्र वापरू लागला. त्याची नक्कल साध्या कागदावर असते आणि मूळ पत्रासारखीच दिसते. पत्राच्या चित्रावरून फरक कळत नसेल तर जेफरसनच्या कागदपत्रांच्या छापील आवृत्तीत पत्राखालची टीप पाहा: आरसी म्हणजे पोचलेली प्रत, डीएफटी म्हणजे खर्डा, पीआरसी म्हणजे प्रेसची नक्कल.

यातून किती फरक पडतो, ते कनेटिकटमधल्या डॅनबरीच्या बाप्टिस्ट पंथीयांना १ जानेवारी १८०२ रोजी लिहिलेल्या पत्रात दिसते. धर्म आणि राज्य यांच्यामधल्या ‘भिंती’चा उल्लेख असलेले हेच ते पत्र. खर्ड्यात या विभागणीला ‘इटर्नल’, म्हणजे चिरंतन, असे विशेषण होते. धाडलेल्या पत्रात ते नाही. उपवासाचे आणि देवाचे आभार मानण्याचे दिवस सरकारने का जाहीर करू नयेत यावरचा मजकूरही त्याने काढून टाकला आणि पूर्वेकडच्या राज्यांतल्या आपल्या पक्षाच्या लोकांना तो खटकेल, असे कारण समासात लिहून ठेवले. हा खोडलेला मजकूर १९९८ मध्ये एफबीआयच्या प्रयोगशाळेने वाचून दिला. खर्ड्यातले वाक्य ‘जेफरसनने बाप्टिस्टांना कळवले’ म्हणून देणे ही सरळ चूक आहे. त्याने ते कळवले नव्हते, मनात आणले आणि मागे घेतले होते. खरे तर ते जास्त बोलके आहे.

अनुवादावरून अनुवाद करायची सवयही सोडा. त्याचा इटालियन मित्र फिलिप मात्सेई याला २४ एप्रिल १७९६ रोजी लिहिलेले पत्र इंग्रजीतून इटालियनमध्ये, तिथून फ्रेंचमध्ये आणि पुन्हा इंग्रजीत असे फिरून १७९७ मध्ये अमेरिकन वर्तमानपत्रांत छापले गेले. जेफरसनने ब्रिटिश सरकारचे ‘फॉर्म्स’ असे अनेकवचन लिहिले होते. त्याला म्हणायचे होते दरबारी थाटमाट, वाढदिवसाचे सोहळे. छापून आले ‘फॉर्म’, म्हणजे राज्यपद्धतीच. एका अक्षराने पत्राचा अर्थ फिरला आणि त्याच्या विरोधकांना आयते कोलीत मिळाले.

मराठीत आणताना घात करणारे काही शब्द आहेत. ‘आपला फेवर मिळाला’ म्हणजे आपले पत्र मिळाले. इथे उपकाराचा संबंध नाही. तारखेपुढचे ‘इन्स्टंट’ म्हणजे याच महिन्याची, ‘अल्टिमो’ म्हणजे गेल्या महिन्याची तारीख. ‘सर्व्हंट’ला सरसकट ‘नोकर’ करू नका. मॉन्टिसेलो या त्याच्या मळ्याच्या संदर्भात ती व्यक्ती बहुधा गुलाम असते आणि ‘नोकर’ म्हटले की ती गुलामी वाचकाच्या नजरेआड होते. शेवटचे ‘आज्ञाधारक सेवक’ मात्र नुसता रिवाज. आपल्या ‘लोभ असावा’इतकेच.

सांकेतिक पत्रांत आणखी एक सापळा आहे. मॅडिसन आणि मन्रो या राजकारणातल्या मित्रांशी तो आकड्यांच्या संकेतात लिहायचा. छापील आवृत्तीत उकललेले शब्द तिरक्या ठशात असतात. तिरका ठसा म्हणजे जोर दिलेला शब्द, असे वाचू नका.

हिशेबवह्यांतले पाउंड बहुधा इंग्लंडचे नसून व्हर्जिनियाच्या चलनाचे असतात. व्हर्जिनियात ६ शिलिंगांना एक डॉलर धरत, इंग्लंडच्या स्टर्लिंग चलनात ४ शिलिंग ६ पेन्सना. म्हणजे व्हर्जिनियाचे १०० पाउंड सुमारे ३३३ डॉलर होतात आणि स्टर्लिंगचे १०० पाउंड ४४४. तारखांचे रूपांतर मात्र करत बसू नका. ब्रिटिश मुलखात जुने ज्युलियन पंचांग जाऊन आजचे ग्रेगोरियन सप्टेंबर १७५२ मध्ये आले आणि त्याची हाती असलेली पत्रे १७६० पासूनची आहेत. जन्मतारखेपुरता घोळ खरा: थडग्यावर जुन्या पद्धतीने २ एप्रिल १७४३ आहे, नव्या पद्धतीने ती १३ एप्रिल.

पत्र सापडत नसेल तर ‘लिहिलेच नसेल’ असे ठरवण्याआधी त्याची आवक-जावक वही पाहा. नोव्हेंबर १७८३ पासून जून १८२६ पर्यंत, म्हणजे मृत्यूच्या काही दिवस आधीपर्यंत, गेलेल्या आणि आलेल्या पत्रांची नोंद त्याने तीत ठेवली. नोंद आहे आणि पत्र नाही, अशी उदाहरणे पुष्कळ आहेत. १७७० च्या आधीची उणीव वेगळी: १ फेब्रुवारी १७७० रोजी शॅडवेल इथल्या त्याच्या घराला लागलेल्या आगीत त्याचे बहुतेक कागद जळाले.

अमेरिकेच्या संस्थापकांची पत्रे देणाऱ्या फाउंडर्स ऑनलाइन या संकेतस्थळावर शोधतानाही हात आखडता घेऊ नका. तिथे त्याचे शुद्धलेखन जसेच्या तसे ठेवले आहे. ‘नॉलेज’ हा शब्द तो ‘के-एन-ओ-एल-ई-जी-ई’ असा लिहायचा आणि ‘रिसीव्ह’मध्ये ‘आय’ आधी, ‘ई’ नंतर. आजच्या स्पेलिंगने शोधून शून्य निकाल आला तर आधी त्याच्या स्पेलिंगने शोधा, मग पत्र घेणाऱ्याचे नाव आणि वर्ष देऊन यादी वरपासून खालपर्यंत चाळा.