एपॉक्सी आणि एमसील: राजवाड्याची प्रतिकृती पक्की कशी जोडावी

गणपतीच्या आरासीसाठी इंदूरच्या राजवाड्याची प्रतिकृती करायला घेतलीत, की काय कशाने चिकटवायचं हा प्रश्न लगेच समोर येतो. मूळ वाडा सात मजली आहे. खालचे तीन मजले दगडी, वरचे लाकडी. प्रतिकृतीतही खाली प्लाय किंवा दगडी चिपा, वर लाकडी पट्ट्यांचे सज्जे, मध्ये कुठे पत्रा, कुठे अ‍ॅक्रिलिकची खिडकी असं सगळं एकत्र येतं. लाकडाला लाकूड नीट बसत असेल तर फेविकॉल पुरतो, तिथे एपॉक्सी, म्हणजे रेझिन आणि हार्डनर या दोन ट्यूब मिसळून वापरायचा गोंद, वाया घालवू नका. पत्रा किंवा दगड लाकडाला धरायचा असेल, किंवा सांध्यात फट असेल, तिथे मात्र एपॉक्सीच घ्या.

फेविकॉल घट्ट होतो तो त्यातलं पाणी निघून गेल्यावर. एपॉक्सीतून काहीच उडून जात नाही. रेझिन आणि हार्डनर यांची एकमेकांशी रासायनिक क्रिया होते आणि त्यातून ते कडक होतं. म्हणून पंख्याखाली ठेवून उपयोग नाही, आणि हार्डनर जास्त घातल्याने कामही लवकर होत नाही. उलट सांधा कमजोर राहतो. प्रमाण आणि घोटणं, सगळं काम या दोन गोष्टींवर आहे.

इंदूरच्या सियागंज बाजारात हार्डवेअरचं सामान घेताना 100 किंवा 120 नंबरचा पॉलिश पेपर, स्पिरिट आणि नायट्राइलचे हातमोजे सोबतच घ्या. हातमोजे टाळू नका. हार्डनरमुळे त्वचेला अ‍ॅलर्जी होऊ शकते आणि एकदा झाली की ती सहसा जात नाही. हाताला लागलंच तर साबणाने धुवा, थिनरने नाही.

जोडायच्या दोन्ही बाजू खरडून घ्या. पत्र्याची चकाकी पूर्ण गेली पाहिजे. धूळ झटका, स्पिरिटने पुसा आणि नंतर तिथे बोट लावू नका.

दुधाची पिशवी धुऊन, कोरडी करून पसरा, तिला एपॉक्सी धरत नाही. सावकाश घट्ट होणाऱ्या नेहमीच्या जातीच्या दोन्ही ट्यूबमधून सारख्या लांबी-जाडीच्या पट्ट्या काढा. वेष्टनावर वेगळं प्रमाण दिलं असेल तर तेच पाळा. काडीने दोन-तीन मिनिटं घोटा, कडेचं पुन्हापुन्हा मध्ये ओढा. रेघा दिसताहेत तोवर ते मिसळलेलं नाही. पाच मिनिटांच्या जातीला इतकी सवड नसते. ते एका सज्ज्यापुरतंच काढा आणि भराभर घोटा. एकदम खूप केलंत तर मिश्रण आपल्याच उष्णतेने तापून वेळेआधीच घट्ट होतं.

दोन्ही बाजूंना पातळ थर द्या. फेविकॉलसारखं आवळून दाबू नका, सगळं मिश्रण बाहेर येईल. तुकडा सरकणार नाही इतपत मास्किंग टेप किंवा कपड्यांचे चिमटे पुरे. ओघळ लगेच स्पिरिटच्या चिंधीने पुसा. सावकाश जातीला रात्रभर हात लावू नका, थंडीत त्याहून जास्त वेळ द्या.

फटी आणि कोरीवकामासाठी एमसील, म्हणजे मळून वापरायची एपॉक्सीची लांबी. दोन्ही भाग वेष्टनावरच्या प्रमाणात घेऊन एकच रंग येईपर्यंत कणकेसारखं मळा. फट मोठी असेल तर आधी लाकडाची चीप घाला, मग वरून भरा. हातमोज्याचं बोट किंचित ओलं करून फिरवलं की पृष्ठभाग गुळगुळीत होतो. खरी मजा ते अर्धवट कडक झाल्यावर आहे: नख रुततं, पण हाताला चिकटत नाही. त्या वेळी कटरने कमानीची महिरप स्वच्छ कापता येते. पुरतं कडक झालं की फक्त घासता येतं. तेव्हा मास्क लावा, कारण ही धूळ नाकात जाणं बरं नाही.

भाद्रपदातल्या दमट हवेत कडक झालेल्या एपॉक्सीवर कधी कधी चिकट साय येते. कोमट साबणाच्या पाण्याने ती धुवा, कोरडं करा, हलकं घासा आणि मगच प्राइमर द्या. उघडं एपॉक्सी उन्हात पिवळं पडतं, त्यामुळे दिसणारा प्रत्येक सांधा रंगाखाली जाऊ द्या.