केळीपट्टीची बेरीज: एक्सएसएलटीमधलं रिकर्सिव्ह टेम्पलेट कुठे अडतं आणि का

जळगाव जिल्ह्यातल्या सावदा-रावेरकडच्या एका हंगामाच्या केळीच्या पावत्या एक्सएमएल फाइलमध्ये आहेत असं धरू. 'पट्टी' या मूळ एलिमेंटच्या पोटात १०,००० 'पावती', प्रत्येकीत क्विंटलमधलं 'वजन' आणि क्विंटलचा 'भाव'. एलिमेंटची नावं देवनागरीत चालतात, बिनधास्त वापरा. आपल्याला हवी आहे एकूण रक्कम, तीही एक्सएसएलटीने, म्हणजे एक्सएमएलचं रूपांतर करणाऱ्या भाषेने.

आधी प्रोसेसर, म्हणजे एक्सएसएलटी चालवणारा प्रोग्राम, तिची कोणती आवृत्ती चालवतो ते बघा. २००७ ची २.० किंवा त्यापुढची असेल, उदाहरणार्थ सॅक्सन, तर प्रत्येक पावतीचा गुणाकार करून सगळ्यांची सम() एकाच ओळीत होते. तिथे रिकर्शनच्या, म्हणजे सूचनांच्या गटाने स्वतःलाच बोलावण्याच्या, वाटेला जाऊच नका. पण एक्सएसएलटीप्रॉक हा प्रोसेसर आणि त्याच्या आतली लायब्ररी लिबएक्सएसएलटी १९९९ च्या १.० वरच आहेत. तिथलं सम() फाइलमध्ये आहेत तेच आकडे जोडतं, आधी गुणून मग जोडत नाही. व्हेरिएबलची किंमत एकदा ठरली की बदलत नाही, म्हणून फॉर-ईचमध्ये, म्हणजे एकेका पावतीवर फिरणाऱ्या सूचनेत, बेरीज वाढवत नेता येत नाही. एक्स्टेन्शन न वापरता उरतं ते स्वतःलाच बोलावणारं टेम्पलेट, म्हणजे सूचनांचा गट.

बहुतेक जण ते असं लिहितात: पहिल्या पावतीचा गुणाकार करायचा, पहिली सोडून बाकीच्या पावत्या त्याच टेम्पलेटला द्यायच्या, येईल ते उत्तर त्यात मिळवायचं, पावत्या संपल्या की शून्य. उत्तर बरोबर येतं, पण दोन ठिकाणी मार बसतो. एक, 'बाकीच्या पावत्या' हा संच दर वेळी नव्याने तयार होतो: आधी ९,९९९, मग ९,९९८, असं करत सुमारे ५ कोटी नोंदी हलतात. पावत्या दुप्पट झाल्या की वेळ चौपट. दोन, एकात एक अशी १०,००० बोलावणी उघडी राहतात. लिबएक्सएसएलटीची मर्यादा मुळात ३,००० पातळ्यांची आहे. ती ओलांडली की अनंत रिकर्शनचा संशय दाखवून काम थांबतं. २०० पावत्यांवर चाललेली स्टाइलशीट (एक्सएसएलटीची फाइल) पूर्ण हंगामाच्या फाइलवर पडते ती यामुळे. मॅक्सडेप्थ या पर्यायाने ती मर्यादा वाढवता येते, पण फार वाढवली तर स्टॅक (उघड्या बोलावण्यांसाठीची मेमरी) भरून प्रोग्रामच कोसळतो.

आतापर्यंतची बेरीज पॅरामीटरमधून पुढे दिली आणि स्वतःला बोलावणं ही शेवटचीच सूचना ठेवली, तर सॅक्सन त्याचं साधं लूप करून टाकतं. ते बोलावणं व्हेरिएबलच्या आत गेलं की मात्र ती सूचना शेवटची राहत नाही. लिबएक्सएसएलटी ही सवलत देत नाही.

१.० वर टिकणारा उपाय म्हणजे संच अर्ध्यावर तोडणं. पावत्या मोजा. शून्य असतील तर ० द्या, एक असेल तर वजन गुणिले भाव द्या. त्याहून जास्त असतील तर निम्मी संख्या फ्लोअर()ने काढा, तेवढ्या स्थानापर्यंतच्या पावत्यांची बेरीज एका व्हेरिएबलमध्ये, त्यापुढच्यांची दुसऱ्यात, आणि शेवटी दोन्ही जोडा. १०,००० पावत्यांना खोली फक्त १४ पातळ्यांच्या आसपास जाते आणि हलणाऱ्या नोंदी दीड लाखाच्या आत राहतात. 'एकच पावती' ही अट हमखास विसरली जाते. मग एकाचा निम्मा शून्य येतो, दुसऱ्या भागात तीच एक पावती पुन्हा जाते, आणि हे कधी संपत नाही.

शेजारच्या पावतीवरून पुढे सरकणारी पद्धतही काही जण वापरतात: फॉलोइंग-सिब्लिंग, म्हणजे याच पातळीवरच्या पुढच्या पावत्या, घेऊन त्यातली पहिलीच निवडायची. नवा संच लागत नाही, पण खोली पावत्यांइतकीच. आणि इथे 'पहिलीच' ही अट राहून गेली तर प्रत्येक पावती तिच्यापुढच्या सगळ्यांना बोलावते. अवघ्या २१ पावत्यांवर टेम्पलेट १०,४८,५७६ वेळा चालतं. छोट्या फाइलवर पंखा घोंघावायला लागला तर आधी हेच तपासा.

उत्तराच्या जागी 'नॅन' (म्हणजे 'हा आकडा नाही') आलं तर दोष बहुधा आकड्यांचा असतो. एक्सपाथला, म्हणजे एक्सएसएलटीतल्या निवड आणि हिशेब करणाऱ्या भाषेला, फक्त इंग्रजी अंक कळतात. '१२५०' हा त्याच्या लेखी आकडा नाहीच. रिकामं वजन किंवा स्वल्पविराम घातलेली रक्कम हीसुद्धा नॅन, आणि एक नॅन अख्खी बेरीज नासवतो. ट्रान्सलेट()ने दहाही अंक बदलून घ्या, स्वल्पविराम काढा, मगच गुणा. पट्टीवर प्रत्येक ओळ रुपयात पूर्ण करून छापत असाल तर राउंड()ही ओळीलाच लावा, नाहीतर छापील ओळींची बेरीज आणि खालचा एकूण आकडा जुळणार नाही. शेतकरी तो एकूण आकडाच सगळ्यात आधी बघतो.

वेळ मोजायला एक्सएसएलटीप्रॉकचे टायमिंग आणि प्रोफाइल हे दोन पर्याय आहेत. कोणतं टेम्पलेट किती वेळा चाललं ते प्रोफाइल दाखवतं. चाचणीसाठी चार फाइली करा: ०, १, २ आणि ३,००१ पावत्यांच्या. पहिल्या तीन थांबण्याच्या अटी तपासतात, चौथी खोली.