फोन चार्ज होत नाही? आधी चार्जिंगचं भोक बघा

कापूस वेचणीच्या दिवसांत आमच्याकडे हा प्रकार हमखास होतो. पिन आत नीट बसत नाही, हललं की चार्जिंग तुटतं आणि माणूस नवा चार्जर आणायला तालुक्याला निघतो. जरा थांबा. फोन दिवसभर खिशात, खिशात कापसाची तूस आणि वावरातली धूळ. पिन घालता घालता ती तूस आत दबून नमद्यासारखी घट्ट बसते.

फोन बंद करा. लाकडी दातकोरणी बारीक तासून घ्या आणि उजेडात धरून कडेकडेने हलक्या हाताने कोरा. माझ्या भावाच्या फोनमधून मुगाच्या दाण्याएवढा करडा बोळा निघाला, अन् पिन टक्कन बसली! सुई, टाचणी मात्र कधीच नको. आतल्या धातूच्या बारीक पट्ट्या वाकल्या की दुरुस्तीचा खर्च येतो. तोंडाने फुंकूही नका, थुंकीचा ओलावा आत जातो.

तरीही होत नसेल तर शेजाऱ्याची केबल लावून बघा. बहुतेकदा केबलच पिनेजवळ आतून तुटलेली असते.

उन्हाळ्याचं वेगळं. फोनमधली लिथियम-आयन बॅटरी साधारण ४५ अंशांपर्यंतच चार्ज करायची असते आणि मे महिन्यात टिनाखाली ठेवलेला फोन त्यापुढे सहज जातो. मग फोन स्वतःच चार्जिंग थांबवतो. तो बिघाड नव्हे. कव्हर काढा, माठाजवळच्या सावलीत ठेवा. फ्रिजमध्ये मात्र ठेवू नका, आत पाणी धरतं.

बॅटरी फुगून मागचं झाकण उचललं असेल, तर चार्जिंगला लावूच नका.