पहिली-चौथीच्या मुलांसाठी कोडिंगचं खेळणं घेताय? या चुका टाळा

दिवाळी जवळ आली किंवा मे महिन्याची सुट्टी लागली की मला फोन सुरू होतात, ताई मुलगी दुसरीत आहे, कुठला रोबोट घेऊ? मी गेली काही वर्षं शनिवार-रविवार आमच्या सोसायटीच्या हॉलमध्ये छोट्या मुलांना घेऊन बसते, त्यामुळे लोकांनी कंटाळून सोडून दिलेले रोबोटपण माझ्याकडेच येतात. आणि त्यातले बहुतेक बिघडलेले नसतात, घेतानाच चुकलेलं असतं. त्याच त्याच चुका बघून आता खरंच जीव वैतागतो, म्हणून एकदा लिहूनच टाकते.

"जरा मोठ्या वयाचं घेऊ, म्हणजे पुढं पण पुरेल"

ही सगळ्यात मोठी चूक. शाळेचा युनिफॉर्म एक साईझ मोठा घेतला तर चालतो, दुमडून शिवता येतो. खेळणं दुमडता येत नाही.

एक पहिलीतला मुलगा आहे माझ्याकडे, त्याच्या बाबांनी पुण्यात तपकीर गल्लीतून, म्हणजे इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारातून, लाईन फॉलोअरचा किट आणला, काळ्या पट्टीवरून चालणारी गाडी. चाकं फिरवणाऱ्या पिवळ्या बीओ मोटर्स, पट्टी ओळखणारे दोन आयआर सेन्सर, चौकोनी ९ व्होल्टचा सेल, सगळं सुटं. बाबांनी रात्री एक वाजेपर्यंत बसून जोडला, पोरगं स्क्रूची वाटी धरून बसलं होतं ते तिथंच झोपलं. सकाळी उत्साहानं बाल्कनीत पट्टी चिकटवून गाडी सोडली तर ती पट्टी सोडून भिंतीकडे. बाबा दिवसभर त्या सेन्सरवरचा छोटा स्क्रू पिळत बसले, संध्याकाळी थोडी चालली आणि काही मिनिटांत मोटर मंदावल्या. दुसऱ्या दिवशी किट माझ्याकडे.

बिघाड काहीच नव्हता. आयआर सेन्सर पट्टीवरून परत येणारा अवरक्त, म्हणजे डोळ्यांना न दिसणारा, प्रकाश बघतो, आणि उन्हात तोच प्रकाश भरपूर असतो, त्यामुळे सकाळच्या उन्हात त्याला काळं-पांढरं कळेना. पडदा ओढला, पांढऱ्या कार्डशीटवर काळी इन्सुलेशन टेप लावली, पट्टीवर आणि पट्टीबाहेर धरून सेन्सरचा दिवा बदलतोय का बघत स्क्रू लावला, झालं. तो चौकोनी ९ व्होल्टचा सेल मल्टिमीटरसारख्या कमी करंट खाणाऱ्या वस्तूंसाठी ठीक आहे, दोन मोटर ओढायची त्याची ताकद नाही. चार पेन्सिल सेलचा होल्डर लावला की गाडी तासभर आरामात पळते.

पण मला वाईट वाटलं ते वेगळ्याच गोष्टीचं. या सगळ्यात त्या मुलानं गाडीला एकही सूचना दिली नव्हती. असल्या स्वस्त किटमध्ये प्रोग्राम नसतोच, सेन्सरनं सांगितलं की मोटर फिरते एवढंच. बाबांना वाटत होतं मुलगा कोडिंग शिकतोय, आणि मुलगा स्क्रू सांभाळत होता.

खेळणं घेताना मी एकच बघते. मुलाला मोठ्यांच्या मदतीशिवाय त्याला काही सांगता येतं का, आणि चुकलं तर ती चूक मुलाला स्वतःच्या डोळ्यांनी दिसते का. पाच-सात वर्षांच्या मुलाला पाठीवर बाणांची बटणं असलेलं, जमिनीवर चालणारं खेळणं पुरतं. बी-बॉट नावाची पिवळी मधमाशी असते तसं. पुढे, पुढे, उजवीकडे, पुढे अशी बटणं दाबायची आणि मग गो. कल्पना जुनी आहे, १९६७ मध्ये अमेरिकेत गणितज्ञ सीमोर पॅपर्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुलांसाठी लोगो नावाची प्रोग्रामिंगची भाषा तयार केली आणि पुढं तिच्या जोडीला जमिनीवर चालणारं कासव, म्हणजे छोटा रोबोट, आलं, मुलानं स्वतःला कासवाच्या जागी ठेवून विचार करायचा. अजून यापेक्षा चांगलं काही मला तरी सापडलेलं नाही.

जुन्या सूचना न पुसणं

खेळणं घेतल्यानंतरची ही माझ्या पक्की लक्षात राहिलेली चूक. एक आई मधमाशी परत करायला निघाली होती, म्हणाली पहिल्यांदा नीट चालली, आता वेड्यासारखी कुठंही जाते. मी मुलीला सांगितलं माझ्यासमोर चालव. तिनं तीन बटणं दाबली, गो दाबलं आणि मधमाशी मघाची सगळी वाट आधी चालली, मग या तीन सूचना. कारण नवीन बटणं दाबली की ती जुन्यांच्या मागे जोडली जातात, पुसायचं बटण दाबेपर्यंत तिच्या डोक्यात सगळं तसंच राहतं. आईनं सूचनापत्रक बॉक्समधून काढलंच नव्हतं. दोन मिनिटं वाचायचा धीर नाही आणि दुकानात परत न्यायला अर्धा दिवस आहे, हे मला खरंच कळत नाही.

आमच्याकडे नियम आहे, बटण दाबायच्या आधी मोठ्यानं "पुसलं!" म्हणायचं. मुलं ओरडून म्हणतात आणि विसरत नाहीत.

दुसरा गोंधळ उजव्या बाणाचा. मुलांना वाटतं ती उजवीकडे जाईल, पण ती जागच्या जागी काटकोनात वळते, जाण्यासाठी वेगळा पुढे द्यावा लागतो. हे समजावून सांगू नका. मुलाला फरशीवर उभं करा, तुम्ही सूचना द्या आणि त्यानं तसंच चालायचं, मग अदलाबदल. दोन फुटी टाईल्स असतील तर अजूनच मजा, बी-बॉटचं एक पाऊल १५ सेंटीमीटरचं आणि टाईल जवळपास ६० ची, म्हणजे एका टाईलला चार पावलं. हे मुलांनी स्वतः मोजून काढलं की त्यांचे चेहरे बघण्यासारखे असतात. आणि ते चुकत असतील तेव्हा मोठ्यांनी हात मागे बांधून बसायचं, मी अक्षरशः तसंच बसते, कारण हात मोकळा असला की तो बटणाकडे जातोच. कागदावर बाण काढायला लावायचे आणि एकेका बाणावर बोट ठेवत वाट तपासायची, एवढी एकच मदत.

ॲपवर चालणारा रोबोट

सहा वर्षांच्या मुलासाठी घेऊ नका, माझं मत ठाम आहे. फोन आईचा असतो आणि तो आईबरोबर ऑफिसला जातो. घेतलाच असेल आणि ॲपला रोबोट सापडत नसेल तर आधी फोनचं लोकेशन चालू करा, बऱ्याच अँड्रॉइड फोनवर त्याशिवाय ॲपला ब्लूटूथची खेळणी दिसत नाहीत. आणि फोनच्या सेटिंगमध्ये जाऊन जोडत बसू नका, शक्यतो ॲपमधूनच जोडा. निम्म्या तक्रारी इथंच मिटतात.

घेण्याआधी विचारा, इंटरनेट बंद असताना चालतो का. मॉक्सी नावाचा, मुलांशी गप्पा मारणारा महागडा रोबोट अमेरिकेत लहान मुलांसाठी विकला जात होता, त्याची बुद्धी कंपनीच्या सर्व्हरवर होती, आणि डिसेंबर २०२४ मध्ये कंपनी बंद होतेय असं जाहीर झालं. ज्या मुलांना त्याची सवय लागली होती त्यांना घरी काय सांगायचं, हा प्रश्न आईबापांपुढे आला. पाठीवर बटणं असलेली मधमाशी कंपनी उद्या बंद झाली तरी चालते.

बाकीच्या पटापट सांगते

रिचार्जेबल सेल १.२ व्होल्टचे, साधे १.५ चे, काही खेळणी त्यामुळे मंद चालतात किंवा वळताना कमी वळतात, पत्रक बघा. जुने-नवे सेल एकत्र घालू नका.

तिरकं जातंय? चाकाच्या दांड्यात केस अडकलेत का बघा. चिमट्यानं काढा.

आयएसआय मार्क बघा, १ जानेवारी २०२१ पासून १४ वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांना तो सक्तीचा आहे. बटण सेल असेल तर झाकणाला स्क्रू हवाच, आणि मुलानं सेल गिळल्याची नुसती शंका आली तरी वाट न बघता हॉस्पिटल गाठा, अन्ननलिका दोन तासांत भाजू शकते.

तिसरी-चौथीत मायक्रोबिट, म्हणजे कॉम्प्युटरवरून प्रोग्राम घालायचा छोटा बोर्ड, घेतला आणि कॉम्प्युटरला दिसत नाही? केबल बदला. तुमची केबल फक्त चार्जिंगची असणार.

आणि पैसे खर्च करायच्या आधी स्क्रॅच-ज्युनियर हे चित्रांचे ठोकळे जोडून कोडिंग करायचं ॲप एक महिना वापरून बघा, फुकट आहे, पाच ते सात वर्षांच्या मुलांसाठी आहे, वाचता आलं नाही तरी चालतं. आठच्या पुढं साधं स्क्रॅच, तेही फुकट. त्यात मूल रमलं नाही तर थांबा. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात कोडिंग सहावीपासून आहे. दुसरीतलं मूल मागे पडतंय म्हणून घाबरवणाऱ्या जाहिरातींना मी दारात उभं करणार नाही.

मुलानं महिनाभर खेळून सोडून दिलं तर ओरडू नका आणि विकूही नका, कपाटात ठेवा, सहा महिन्यांनी बऱ्याचदा पुन्हा मागतात. फक्त ठेवताना सेल काढा. राहिले आणि गळले, स्प्रिंगवर पांढरी पूड आली, तर कापसाचा बोळा व्हिनेगरमध्ये किंवा लिंबाच्या रसात बुडवून तुम्हीच पुसा, मुलाला देऊ नका, नंतर ओल्या कापडानं पुसून एक दिवस उघडं वाळू द्या आणि मगच नवीन सेल घाला.