ब्रिटनमध्ये नवीन आलात आणि सिगारेट सोडून व्हेपकडे वळताय? निकोटीनचा आकडा आधी नीट ठरवा

इथे आल्यावर ओढणाऱ्याच्या दोन गोष्टी लगेच लक्षात येतात. सुट्टी सिगारेट मिळत नाही, आणि 20 चं पाकीट घ्यायचं तर खिशाला मोठी कात्री लागते. मग व्हेपचा, म्हणजे ई-सिगारेटचा, विचार सुरू होतो. भारतात 2019 पासून त्यावर बंदी असल्याने बहुतेकांना त्यातलं काही माहीत नसतं. व्हेपमध्ये भरायच्या लिक्विडच्या बाटल्यांवर निकोटीनचे 3, 6, 10, 12, 18, 20 असे आकडे दिसतात आणि माणूस बिचकून सगळ्यात लहान आकडा उचलतो. त्याने तलफ भागत नाही, आणि थोड्याच दिवसांत सिगारेट परत हातात येते.

तुम्ही सिगारेट ओढतच नसाल तर व्हेप सुरू करू नका. ते निरुपद्रवी नाही, आणि निकोटीनचं व्यसन लागतं. ओढणाऱ्याचा फायदा हा की जळत्या तंबाखूतलं टार आणि कार्बन मोनॉक्साइड टळतं. पण त्यासाठी सिगारेट पूर्ण सुटायला हवी. अर्धं हे, अर्धं ते असं चालू राहिलं तर फारसं काही साधत नाही. म्हणूनच सुरुवातीचं निकोटीन पुरेसं असावं, असं आम्ही आग्रहाने सांगतो.

बाटलीवरचा आकडा म्हणजे एका मिलिलिटर लिक्विडमध्ये किती मिलिग्रॅम निकोटीन आहे ते. काही ठिकाणी तोच टक्क्यांत लिहितात: 20 म्हणजे 2 टक्के. ब्रिटनमध्ये 20 ही कायद्याची मर्यादा आहे. निकोटीन असलेली बाटली जास्तीत जास्त 10 मिलिलिटरची आणि टँक (यंत्रातली लिक्विडची टाकी) 2 मिलिलिटरचा असतो. कुणी 50 चं, म्हणजे 5 टक्क्यांचं, काही दाखवलं तर ते बेकायदा आहे, घेऊ नका. वापरून टाकायचे डिस्पोजेबल व्हेप विकायलाही 1 जून 2025 पासून बंदी आहे. तेव्हा चार्ज करता येणारं आणि पुन्हा भरता येणारं पॉड किटच (लिक्विडची छोटी कुपी, म्हणजे पॉड, बसणारं लहान यंत्र) घ्या.

आता तुमचा आकडा. दिवसाला किती सिगारेटी हे विचारात घ्याच, पण त्याहून नेमकी खूण म्हणजे सकाळी उठल्यावर पहिली सिगारेट किती वेळात लागते. अर्ध्या तासाच्या आत लागत असेल आणि दिवसाला पाकीटभर होत असेल तर 18 किंवा 20 पासून सुरुवात करा. दिवसाला दहाच्या आसपास, आणि पहिली सिगारेट घराबाहेर पडल्यावर, तर 10 ते 12. चार-पाचच ओढत असाल तर 5 किंवा 6 पुरेल. फक्त शनिवार-रविवारी मित्रांबरोबर ओढणाऱ्याला व्हेपची गरजच नाही, त्याने सरळ सोडावी.

हे आकडे लहान पॉड किटसाठी आहेत, आणि इथेच बरेच जण फसतात. कॉइल म्हणजे कापसात शोषलेलं लिक्विड तापवणारी तार, आणि ओहम हे तिच्या विद्युत रोधाचं माप. पॉड किटची कॉइल साधारण 0.8 ते 1.2 ओहमची असते. ती दहा-पंधरा वॅटवर चालते आणि वाफ कमी देते. सिगारेटसारखा झुरका आधी तोंडात घ्यायचा, मग छातीत. ‘सब-ओहम’ म्हणून विकल्या जाणाऱ्या मोठ्या यंत्रात कॉइल 0.2-0.3 ओहमची असते, पन्नास-साठ वॅट लागतात, आणि प्रत्येक झुरक्याला कितीतरी जास्त लिक्विड उडतं. त्यात 3, फार तर 6 चालतं. 20 चं लिक्विड तिथे भरलं तर दोन-तीन झुरक्यांत गरगरायला लागेल. लिक्विडची जातही यंत्राप्रमाणे बदलते. पॉडला व्हीजी (व्हेजिटेबल ग्लिसरीन) आणि पीजी (प्रोपिलीन ग्लायकॉल) हे लिक्विडचे दोन मूळ घटक निम्मे-निम्मे असलेलं पातळ लिक्विड लागतं. मोठ्या यंत्राला 70 टक्के व्हीजीचं घट्ट लिक्विड चालतं, पण तेच पॉडमध्ये भरलं तर कापसात नीट शोषलं जात नाही आणि कॉइल जळते.

लिक्विडमधल्या निकोटीनचे फ्रीबेस (साधं निकोटीन) आणि निक सॉल्ट (निकोटीनचा क्षार) हे दोन प्रकार दिसतील. फ्रीबेस 12 च्या वर घशाला चांगलंच टोचतं. काहींना सिगारेटसारखा तो ठसका हवा असतो, त्यांनी तेच घ्यावं. निक सॉल्टमध्ये आम्ल मिसळलेलं असल्याने 20 सुद्धा घशाला मऊ लागतं. जास्त ओढणाऱ्या नवख्याने 20 चं निक सॉल्टच घ्यावं, असं आमचं मत आहे.

नवी कॉइल बसवली की पॉड भरून दहा मिनिटं तसाच ठेवा, मगच ओढा. जळका वास आला तर त्याचा निकोटीनशी संबंध नाही, कोरडा कापूस जळतोय.

पहिला आठवडा स्वतःकडे लक्ष ठेवा. सिगारेटचं निकोटीन मेंदूपर्यंत काही सेकंदांत पोचतं, व्हेपचं बहुधा जरा हळू. त्यामुळे दोन-चार झुरके घ्या, पाच मिनिटं थांबा, मग हवं तर आणखी. डोकं दुखणं, मळमळ, उचकी, छातीत धडधड ही जास्त झाल्याची लक्षणं. यंत्र बाजूला ठेवा, आणि रोज तसंच होत असेल तर एक पायरी खाली या. उलट दिवसभर व्हेप हातातून सुटत नसेल, चिडचिड होत असेल, पॉड दुपारीच रिकामा होत असेल, तर आकडा कमी पडतोय, वर जा. त्यात कमीपणा नाही.

चहा-कॉफी भरपूर पिणाऱ्यांनी एक ध्यानात ठेवा. सिगारेटच्या धुरामुळे शरीर कॅफिन भराभर संपवत असतं. धूर बंद झाला की तेवढ्याच चहाने कॅफिन जास्त चढतं. हात थरथरले, झोप उडाली तर दोष निकोटीनला देण्याआधी चहाचे कप कमी करून बघा. याच कारणाने क्लोझापिन, थिओफिलिन यांसारख्या काही औषधांचा डोस बदलावा लागतो. ती चालू असतील तर सिगारेट सोडण्याआधी जीपीशी (तुमच्या फॅमिली डॉक्टरशी) बोला. गरोदर असाल तर आधी मिडवाइफला (बाळंतपणाची काळजी घेणाऱ्या परिचारिकेला) विचारा.

तंबाखू मळून खाणाऱ्यांना व्हेप सुचवू नये, असं आम्हाला वाटतं. जे फुप्फुसात जात नव्हतं ते नव्याने कशाला न्यायचं? त्यांच्यासाठी निकोटीनचं च्युइंगगम किंवा गोळ्या बऱ्या. एनएचएसची (इथल्या सरकारी आरोग्यसेवेची) धूम्रपान सोडवणारी सेवा मोफत आहे, तिथे विचारा.

मोठ्या यंत्रासाठी शॉर्टफिलची, म्हणजे निकोटीन मिसळायला जागा ठेवलेली, बाटली घेतलीत तर हिशोब असा: 60 मिलिलिटरच्या बाटलीत 50 मिलिलिटर बिननिकोटीनचं लिक्विड असतं. त्यात 18 चा 10 मिलिलिटरचा एक निक शॉट (निकोटीनची छोटी बाटली) टाकला की 180 मिलिग्रॅम 60 मिलिलिटरमध्ये पसरतं, म्हणजे 3. हातावर सांडलं तर लगेच साबणाने धुवा, आणि बाटली मुलांच्या हाती लागणार नाही अशी ठेवा.

आकडा खाली आणायची घाई नको. सिगारेटची आठवण येईनाशी झाली की 20 वरून 10, मग 5. मध्येच तलफ उसळली तर मागच्या आकड्यावर परत या.

भारतात जाताना यंत्र इथेच ठेवा. तिथे आयात, विक्री, साठवणूक सगळ्यालाच बंदी आहे, आणि आयातीच्या पहिल्या गुन्ह्याला एक वर्षापर्यंत कैद, एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. निकोटीनचं च्युइंगगम तिथेही औषधाच्या दुकानात मिळतं. इतर देशांत नेणार असाल तर आधी तिथला कायदा बघा, आणि यंत्र केबिनच्या बॅगेत ठेवा. त्यात लिथियम बॅटरी असल्याने ते चेक-इनच्या बॅगेत चालत नाही.